कसब आणि कागद

चेन्नईच्या बीच स्थानकातून बाहेर पडले की राजाजी सालै हा रस्ता लागतो. त्याच्या पदपथाला धरून एकमेकींना खेटलेल्या टपऱ्यांची लांब रांग आहे. हा बर्मा बाजार. परदेशी घड्याळे, अत्तरे आणि टेपरेकॉर्डर, मग कॅसेटी आणि सीडी, आता मोबाइल आणि त्यांचे सुटे भाग, असा इथला माल काळाबरोबर पालटत गेला. बाजार मात्र उठला नाही. ब्रह्मदेश सोडावा लागलेल्या तमिळ कुटुंबांच्या पोटापाण्यासाठी १९६९ मध्ये तो बसला. याच शहरातून उत्तरेकडे जाणारी लोकल सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर गुम्मिडीपुंडीला पोचते. तिथे श्रीलंकेतल्या यादवी युद्धातून जीव वाचवून आलेल्या तमिळांचे शिबिर आहे आणि त्याच गावात सिपकॉट या राज्य महामंडळाची मोठी औद्योगिक वसाहतही आहे. शिबिरातल्या मुलांना शाळा मिळाली, अनेकांना महाविद्यालय मिळाले, संगणकापासून शिवणकामापर्यंतचे वर्गही मिळाले. तरीही तमिळनाडूतल्या अशा शिबिरांत पुरुषांचा सर्वांत नेहमीचा रोजगार आहे घरांना रंग देण्याची रोजंदारी. हातात पदवी असलेले तरुणही सकाळी ब्रश घेऊन बाहेर पडतात.

दोन्हीकडची माणसे तमिळ, दोन्ही समूह देश उलथल्यामुळे समुद्र ओलांडून आलेले आणि दोघांना आसरा देणारे राज्यही एकच. पहिल्यांना कोणी अभ्यासक्रम शिकवला नव्हता, तरी त्यांचा बाजार उभा राहिला. दुसऱ्यांना चाळीस वर्षे शिकवले जात आहे, तरी त्यांचे दुकान उभे राहत नाही. युद्धातून बाहेर पडलेल्या समाजातल्या तरुणांना हुन्नर शिकवावा, म्हणजे ते उद्योग काढतील आणि पुन्हा बंदुकीकडे वळणार नाहीत, असा सल्ला जगभर दिला जातो. चेन्नईच्या या दोन ठिकाणांकडे पाहिले की त्या सल्ल्यात काहीतरी गाळले गेले आहे हे लक्षात येते. काय गाळले गेले, ते या लेखात टप्प्याटप्प्याने पाहू.

आयटीआयचा विसरलेला जन्म

तालुक्याच्या गावात आयटीआय नसेल असे महाराष्ट्रात क्वचितच घडते. फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन हे शब्द घराघरांत रुळले आहेत. पण ही व्यवस्था युद्धाच्या पोटातून आली हे फारसे कोणाला ठाऊक नसते. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा लाखो भारतीय शिपाई आणि युद्धकारखान्यांतले कामगार रिकामे होणार होते. त्यांना नागरी जीवनात पुन्हा बसवण्यासाठी जुलै १९४५ मध्ये दिल्लीत पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. दोनच वर्षांनी फाळणी झाली आणि पाकिस्तानातून आलेल्या विस्थापितांना हाताला काम देण्याची जबाबदारीही याच कार्यालयाकडे आली. त्याच प्रवाहातून १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि आजचे आयटीआय तिच्याखाली वाढले. म्हणजे युद्धोत्तर प्रशिक्षण हा आफ्रिकेतल्या कुठल्या दूरच्या देशाचा विषय नाही. आपल्या शेजारच्या संस्थेचा तो जन्मदाखला आहे.

फाळणीच्या विस्थापितांपैकी सिंधी कुटुंबांचा मोठा लोंढा कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीच्या जागी उल्हासनगरची कोनशिला बसवली ती गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर पुढे वीस वर्षांनी बर्मा बाजार बसला, तेच हे राजाजी. उल्हासनगरात खाद्यपदार्थ, फर्निचर, तयार कपडे आणि पुढे जीन्स यांचे छोटे छोटे कारखाने उभे राहिले. ‘सिंधी माणूस जात्याच व्यापारी’ असे म्हणून आपण हे यश मोकळे करून टाकतो. पण त्या माणसांना काय काय मिळाले होते ते मोजून पाहावे. ती भारताची नागरिक होती. मुंबईची बाजारपेठ लोकलच्या अंतरावर होती. मागे राहिलेल्या मालमत्तेचा दावा लावून भरपाई मिळवण्याची सोय १९५४ च्या कायद्याने केली होती. भाड्याची पावती, बँकेचे खाते, मतदारयादीतले नाव, सारे त्यांच्या नावावर होऊ शकत होते. व्यापारी वृत्ती होतीच, पण ती उभी राहायला तिच्या पायाखाली जमीन होती.

प्रशिक्षणाने नेमके काय घडते

विकसनशील देशांतल्या रोजगार योजनांच्या काटेकोर चाचण्या गोळा करून अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये आढावा घेतला. चाचणीची पद्धत साधी असते. अर्ज करणाऱ्यांमधून चिठ्ठ्या टाकून काहींना प्रशिक्षण द्यायचे, काहींना नाही, आणि नंतर दोन्ही गटांची तुलना करायची. म्हणजे मुळातच हुशार मुले निवडली गेली, ही शंका उरत नाही. आढाव्यातून निघालेला आकडा डोळे उघडणारा आहे. शंभर जणांना शिकवले तर न शिकवलेल्या शंभरांपेक्षा सरासरी दोन-अडीचच जास्त जणांना काम मिळते. बाकीच्यांपैकी काहींना प्रशिक्षणाशिवायही काम मिळालेच असते आणि उरलेल्यांना प्रशिक्षण घेऊनही मिळत नाही.

असे का होते, हे दोनशे उंबऱ्यांच्या गावाचे उदाहरण घेऊन पाहू. त्या गावाला एक-दोन शिंपी पुरतात. युद्ध संपल्यावर मदतसंस्था येते आणि वीस मुलींना शिवणयंत्रावर शिकवते, कारण शिवणाचा वर्ग काढणे सोपे असते. वीस शिंपिणी तयार होतात, पण शिवायचे कपडे तेवढेच राहतात. किंबहुना युद्धाने खिसे रिकामे केलेले असल्यामुळे ते आणखी कमी झालेले असतात. प्रशिक्षण हे काम करू शकणारे हात वाढवते. काम देणारे हात वाढवत नाही. शिवाय शिकलेल्या हातापासून घरात पैसा येईपर्यंत वाटेत बरेच टप्पे असतात. दाखला दुसऱ्याने मान्य करावा लागतो, हत्यारे घ्यायला भांडवल लागते, बसायला जागा लागते, गिऱ्हाईकापर्यंत रस्ता लागतो आणि गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर दाद मागायला दार लागते. यातला एक टप्पा तुटला की आधीचे सगळे वाया जाते. शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. बियाणे कितीही उत्तम असले तरी जमिनीला वाफसा नसेल तर पेरणी तो थांबवतो, कारण चिखलात किंवा कोरड्या ढेकळांत टाकलेले बी उगवत नाही हे त्याला माहीत असते. युद्धाने आधी वाफसाच नाहीसा होतो. प्रशिक्षणाच्या योजना मात्र बियाण्याच्या पोत्यांचा हिशेब देतात, कारण ती मोजता येतात.

१९६९: चेन्नईने वाफसा कसा केला

ब्रह्मदेशात १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली आणि पुढच्या दोन वर्षांत दुकाने, बँका, व्यापार यांचे राष्ट्रीयीकरण केले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या भारतीयांना जवळजवळ रिकाम्या हातांनी जहाजावर चढावे लागले. त्यांतल्या लाखाहून अधिक जणांना तमिळनाडूत आसरा मिळाला. तिथे सावकारी करणाऱ्या तमिळ चेट्टियारांची कथा आपण ऐकलेली असते, पण आलेल्यांत गोदीतले हमाल, कारकून, शेतमजूर आणि फेरीवाले खूप होते. त्यांच्यासाठी सरकारने जे केले त्यात अभ्यासक्रम फारसा नव्हता. बंदराजवळ, उपनगरी रेल्वेच्या दारात, जिथे रोज हजारो पावले पडतात तिथे टपऱ्यांची जागा दिली. आणि त्याच वर्षी, १९६९ मध्ये, चेन्नईत त्यांच्यासाठी एक बँक काढली. रिपॅट्रिएट्स को-ऑपरेटिव्ह फायनान्स अँड डेव्हलपमेंट बँक हे तिचे पूर्ण नाव. दक्षिणेत सगळे तिला रेप्को बँक म्हणतात. केंद्र सरकार आणि दक्षिणेतली राज्य सरकारे तिचे भागधारक झाली आणि ब्रह्मदेश व श्रीलंकेतून परतलेली माणसे तिचे सभासद. आज ती सरकारला लाभांश देणारी बँक आहे.

या बँकेचे महत्त्व नीट समजून घेण्यासारखे आहे. साधी बँक कर्ज देताना विचारते, तारण काय ठेवणार, जामीन कोण राहणार, आधीचा व्यवहार दाखवा. देश सोडून आलेल्या माणसाजवळ या तिन्हींपैकी काहीच नसते. त्याच्याकडे कसब असेल, सचोटी असेल, पण ती सिद्ध करणारे शेजारी मागे राहिलेले असतात. रेप्कोने प्रश्न उलटा केला. तू परतलेला आहेस, हाच सभासदत्वाचा आधार मानला आणि सरकार भागधारक म्हणून मागे उभे राहिले. माणसाची पत हरवली होती, तिच्या जागी राज्याने आपली पत ठेवली. बर्मा बाजारातल्या टपऱ्या आणि ही बँक वेगवेगळी पाहिली तर दोन किरकोळ सरकारी निर्णय वाटतात. एकत्र पाहिली तर जागा, गिऱ्हाईक, भांडवल आणि नागरिकत्व असे चार टप्पे एकाच वेळी जोडलेले दिसतात.

त्याच काळात एक वेगळा मार्गही चोखाळला गेला. ३० ऑक्टोबर १९६४ च्या सिरिमावो-शास्त्री करारानुसार श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबणाऱ्या सव्वापाच लाख तमिळांना भारताने नागरिकत्व द्यायचे ठरले आणि पुढच्या काळात त्यांतले चार लाखांहून अधिक परतले. त्यांना मळ्याचेच काम येत होते, म्हणून नीलगिरीत वनखात्याने १९६८ पासून त्यांच्यासाठी चहा लावला आणि १९७६ मध्ये त्यातून टॅनटी हे राज्य महामंडळ झाले. यात कसब होते, नोकरी होती, घर होते. पण घर नोकरीबरोबर जाणारे होते आणि मळा महामंडळाचा. निवृत्तीबरोबर खोलीही सोडायची असल्यामुळे दुसऱ्या पिढीच्या हाती विकता किंवा गहाण ठेवता येईल असे काही आले नाही. महामंडळ तोट्यात गेले, २०२२ मध्ये दोन हजार हेक्टरांहून अधिक जमीन वनखात्याला परत देण्याचा निर्णय झाला आणि त्या कुटुंबांची काळजी पुन्हा सुरू झाली. रोजगार देणे आणि उद्योग करण्याची ताकद देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या मळ्यांवर जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

चौकट: तीन शब्द, तीन वाटा

*प्रत्यागत:* ज्याला भारताने आपला नागरिक मानून परत घेतले, असा बाहेरून आलेला माणूस. ब्रह्मदेशातून आलेले आणि १९६४ च्या करारानुसार आलेले तमिळ यात मोडतात. रेप्को बँकेचे सभासदत्व यांच्यासाठी होते.

*निर्वासित:* जिवाच्या भीतीने देश सोडलेला माणूस. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे आसरा मिळतो, पण तो सरकारच्या मर्जीने मिळतो. कायद्याने दिलेला हक्क म्हणून मिळत नाही.

*बेकायदा स्थलांतरित:* वैध कागदांशिवाय आलेला किंवा मुदतीनंतर राहिलेला परदेशी. २००३ च्या दुरुस्तीनंतर अशा माणसाला सामान्यतः नोंदणी करून किंवा दीर्घ वास्तव्याच्या आधारे नागरिकत्व मागता येत नाही. होडीतून रात्री आलेले श्रीलंकन तमिळ कायद्याच्या नजरेत याच रकान्यात बसतात.

१९८३ नंतर: शिक्षण आले, कागद आला नाही

जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची कत्तल झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीपासून होड्या रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागू लागल्या. पुढच्या तीस वर्षांत तीन लाखांहून अधिक माणसे आली. काही परतली, काही तिसऱ्या देशांत गेली. आज राज्यातल्या शंभराहून अधिक शिबिरांत अठ्ठावन्न हजारांच्या आसपास लोक राहतात. पोलिसांत नोंद करून शिबिराबाहेर राहणारे आणखी काही हजार आहेत. १९८४ मध्ये एस. सी. चंद्रहासन यांनी चेन्नईत निर्वासितांच्याच हातांनी चालणारी संघटना काढली. ईळम निर्वासित पुनर्वसन संघटना, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ऑफर’. चंद्रहासन हे श्रीलंकेतील तमिळ नेते चेल्वनायकम यांचे पुत्र. परतण्याचा दिवस येईल तेव्हा आपल्या मुलांनी शिक्षक, आरोग्यसेवक, तंत्रज्ञ होऊन परतावे, ही त्यांची दृष्टी होती. शिबिरांत संगणकवर्ग आले, बचत गट आले, पोषणासाठी स्पिरुलिना हे शेवाळ पिकवण्याचे प्रकल्प आले आणि शिबिरातल्या मुलामुलींनी मोठ्या संख्येने पदव्या घेतल्या. शिक्षणाच्या बाजूने पाहिले तर जगातल्या कितीतरी निर्वासित छावण्यांपेक्षा हे काम उजवे आहे, आणि त्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

घोडे अडते ते पुढच्या पायरीवर. परदेशी नागरिकाने भारतात जागा घेण्याचा व्यवहार परकीय चलन कायद्याच्या नियमांत येतो. त्या नियमांनुसार श्रीलंकेसह काही ठरावीक देशांच्या नागरिकांना रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय इथे स्थावर मालमत्ता घेता येत नाही. भाडेपट्टा करता येतो, पण पाच वर्षांपर्यंतचाच. पारपत्र नाही. सरकारी नोकरीचे दार बंद. नागरिकांसाठी असलेल्या मुद्रासारख्या कर्जयोजना मिळत नाहीत. शिबिरात ठरावीक दिवशी हजेरी असते, त्यामुळे लांबच्या गावी महिनाभराचे काम घेणे अवघड. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूरला राजीव गांधींची हत्या झाल्यावर संशयाची सावली अधिक गडद झाली आणि ज्या कुटुंबांचा त्या गुन्ह्याशी काही संबंध नव्हता त्यांनाही ती चिकटली.

या सगळ्याचे ओझे तरुणांवर कसे पडते हे जन्मतारखेत दिसते. नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला प्रत्येक जण जन्मानेच नागरिक आहे. आईवडील कोण हा प्रश्न तिथे येत नाही. त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्याचे आई किंवा वडील नागरिक असावे लागतात आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा, अशीही अट आली. मंडपम शिबिरात १९८६ मध्ये जन्मलेल्या एका स्त्रीला मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये याच आधारावर भारतीय नागरिक मानले आणि तिचा पारपत्राचा हक्क मान्य केला. तिच्याच शिबिरात दोन वर्षांनी जन्मलेल्याला तो आधार नाही. म्हणजे आज विशी-तिशीत असलेले, इथेच जन्मलेले, इथल्या शाळेत शिकलेले, श्रीलंका कधी न पाहिलेले तरुण रेघेच्या पलीकडे आहेत. प्रशिक्षणाच्या योजना नेमक्या ज्या वयासाठी आखल्या जातात, तेच हे वय.

रंगाऱ्याचा ब्रश आणि ठेकेदाराची वही

आता रंगकामाच्या कोड्याकडे परत येऊ. इतक्या शिबिरांतल्या इतक्या माणसांनी एकच धंदा का धरला? रंगकामाची त्यांना वेगळी आवड आहे असे मानायला काही कारण नाही. रंगाऱ्याच्या रोजंदारीला काय लागते ते पाहा. ब्रश आणि पुट्टीची पत्री स्वस्त असते. मजुरी संध्याकाळी हातात पडते, म्हणजे उधारी बुडण्याचा धोका कमी. मालक ओळखपत्र विचारत नाही. काम चार-आठ दिवसांत संपते, म्हणजे हजेरीला परत येता येते. हा असा धंदा आहे ज्याला सर्वांत कमी कागद लागतो. ज्या माणसांजवळ कागद नाही ती आपले शिक्षण काय हे न पाहता अशाच धंद्यांत साचत जातात, जसे पाणी उताराकडे जाऊन साचते.

हाच रंगारी ठेकेदार व्हायचे ठरवतो तेव्हा काय लागते? इमारतीचे काम घ्यायचे तर लेखी करार करावा लागतो. रंगाच्या दुकानदाराकडून प्रायमर आणि डबे उधारीवर उचलावे लागतात आणि अनोळखी दुकानदार उधार देतो तो पत्त्याच्या आणि जामिनाच्या भरवशावर. परांची, शिड्या आणि गोदामासाठी जागा लागते. कामगारांना आठवड्याचा पगार आधी द्यावा लागतो आणि बिल्डरचे पैसे तीन महिन्यांनी येतात, म्हणून मधल्या काळासाठी बँकेचे कर्ज लागते. बिल्डरने पैसे अडवले तर नोटीस पाठवण्याची हिंमत लागते. आपली इथली राहणीच कोणाच्या तरी मर्जीवर आहे असे ज्याला वाटते, तो भांडत नाही. रंग देण्याचे कसब रंगारी आणि ठेकेदार दोघांकडे सारखेच असते. फरक आहे तो अनोळखी माणसाने विश्वास ठेवावा यासाठी लागणाऱ्या आधारात. ओळखीच्या चार घरांत विश्वास तोंडओळखीवर चालतो. अनोळखी माणसांशी व्यवहार वाढवायचा तर विश्वासाची जागा कागद घेतो. उद्योजकता म्हणजे अनोळखी माणसांशी व्यवहार वाढवणेच असते, म्हणून कागद नसलेल्याला उद्योजकतेचे धडे देणे अपुरे पडते.

युद्धोत्तर श्रीलंकेत याचेच दुसरे रूप दिसले. मे २००९ मध्ये युद्ध संपल्यावर सरकारने बारा हजारांच्या आसपास माजी लढवय्यांना पुनर्वसन केंद्रांत ठेवले. त्यांत ५९४ मुले होती. सुतारकाम, गवंडीकाम, शिवण, संगणक असे बरेच शिकवून त्यांना घरी पाठवले. नागरिकत्वाचा कागद त्यांच्याजवळ होता. पण घरी गेल्यावरही चौकशीला येणाऱ्या गणवेशधारी माणसांमुळे शेजारी आणि मालक बिचकत राहिले. कागद असूनही विश्वास मिळाला नाही, म्हणून कसब पुन्हा अडले.

मग सरळ पैसेच द्यावेत का?

उत्तर युगांडात वीस वर्षांच्या बंडाळीनंतर सरकारने तरुणांच्या गटांना धंदा शिकण्यासाठी आणि हत्यारे घेण्यासाठी एकरकमी अनुदान दिले. माणशी साधारण ३८२ डॉलर. गट चिठ्ठ्यांनी निवडले होते. ख्रिस्तोफर ब्लॅटमन, नेथन फियाला आणि सेबॅस्टियन मार्टिनेझ यांना चार वर्षांनी आढळले की अनुदान मिळालेल्यांची धंद्यातली मालमत्ता ५७ टक्क्यांनी आणि कमाई ३८ टक्क्यांनी जास्त आहे. साधी खेडवळ मुले होती ती. व्यापारी रक्ताचा सिद्धांत इथे गळून पडतो. पण नऊ वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा अनुदान न मिळालेल्यांची कमाईही बरोबरीला आली होती. टिकाऊ मालमत्ता आणि कसबी काम यांत मात्र फरक उरला होता. पैशाने वेळ वाचला, असे याचे साधे वाचन आहे. विशीतल्या तरुणाची ती वर्षे थोडी नव्हेत. तरी एकदा दिलेली रक्कम कायमची शिडी ठरत नाही.

श्रीलंकेतला अनुभव आणखी सावध करणारा आहे. २००५ मध्ये दक्षिण आणि नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या छोट्या धंदेवाल्यांना संशोधकांनी दहा किंवा वीस हजार श्रीलंकन रुपयांची मदत केली. पुरुषांच्या धंद्यांना त्यावर महिन्याला पाच टक्क्यांहून अधिक परतावा मिळाला, स्त्रियांच्या धंद्यांना सरासरीने काहीच नाही. घरात दुसराही धंदा असेल तर बाईच्या नावाचा पैसा तिकडे वळतो, हे त्याचे एक कारण पुढे लक्षात आले. युद्धानंतर उत्तरेत तर कर्जच घरोघर आले. पती गमावलेल्या, उत्पन्न नसलेल्या बायकांना सूक्ष्मकर्ज कंपन्यांनी चढ्या व्याजाने पैसे दिले. बाजारच नसल्यामुळे त्या पैशातून उद्योग उभा राहिला नाही, एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जातून जाऊ लागला. अखेर २०१८ मध्ये श्रीलंका सरकारने दुष्काळी जिल्ह्यांतल्या स्त्रियांची एक लाखापर्यंतची अशी कर्जे माफ केली. तेव्हा प्रशिक्षण टाकून पैसा उचलावा, असा धडा यातून निघत नाही. ज्याच्यामागे हक्क आणि गिऱ्हाईक नाही, तो पैसाही न वाफसलेल्या शेतातल्या बियाण्यासारखा कुजतो.

काही आक्षेप

आपल्याच मुलांना काम नाही, तिथे बाहेरच्यांना कागद कशाला, असा प्रश्न विचारला जातो आणि तो दुष्ट नाही. पण हे तरुण आजही बाजारात आहेतच. हक्क नसल्यामुळे ते कमी मजुरीत काम घेतात आणि त्यांच्यामुळे स्थानिक रंगाऱ्याची मजुरीही दबते. दाद मागू शकणारा कामगार शेजारच्याची मजुरी पाडत नाही. शिवाय ठेकेदार झालेला निर्वासित स्थानिकांना कामावर ठेवतो. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत उत्तर भारतापासून मराठवाड्यापर्यंतची माणसे राबली.

दुसरा आक्षेप असा, की यांना शेवटी परत जायचे आहे. इथे मुळे रुजवली तर कोण जाईल? अनुभव उलटा आहे. रिकाम्या हातांनी परतणे हीच सर्वांत मोठी भीती असते. साठलेले भांडवल आणि दोन्ही देशांत चालणारा दाखला असेल तर परतण्याची वाट मोकळी होते. श्रीलंकेत व्यवसाय प्रशिक्षणाची सात पातळ्यांची राष्ट्रीय चौकट आहे, भारतातही तशी चौकट आहे. एका बाजूचा वेल्डर दुसऱ्या बाजूला कोणत्या पातळीवर धरायचा हे आधीच ठरवून ठेवणे हा दोन कार्यालयांमधल्या पत्रव्यवहाराचा विषय आहे. आणि सुरक्षिततेचा मुद्दा काढणाऱ्यांनी लायबेरियाकडे पाहावे. तिथे माजी लढवय्यांना शेती शिकवून साधने दिली, तेव्हा बेकायदा कामांत जाणारा त्यांचा वेळ सुमारे वीस टक्क्यांनी घटला. २०११ मध्ये शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये लढाई पेटली आणि भाडोत्री सैनिकांची भरती सुरू झाली, तेव्हा ज्यांना मदतीचा पुढचा हप्ता यायचा होता ते तिकडे सर्वांत कमी वळले. शिकलेल्या शेतीपेक्षाही, उद्या काही येणार आहे या खात्रीने त्यांना थांबवले होते.

तिसरा आक्षेप सरकारी आहे: एवढे केले, आणखी किती? तमिळनाडूने केले हे खरेच आहे. २७ ऑगस्ट २०२१ रोजी मुख्यमंत्री स्टालिन यांनी विधानसभेत ३१७ कोटींची योजना जाहीर केली. मोडकळीला आलेल्या शिबिरांत ७,४६९ घरे बांधायची, मासिक मदत वाढवायची, तरुणांना कौशल्य प्रशिक्षण द्यायचे असे तिचे स्वरूप होते. शिबिरांना ‘पुनर्वसन शिबिर’ म्हणायचे हेही ठरले. केंद्रानेही २०२५ मध्ये, ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना परदेशी नागरिकांच्या नव्या कायद्यातील शिक्षेच्या कलमांतून सूट दिली. डोक्यावरची तलवार त्यामुळे बाजूला झाली. पण राज्य घर आणि शिकवणी देऊ शकते; नागरिकत्व, पारपत्र आणि जमिनीचा नियम दिल्लीच्या हातात आहेत. त्यामुळे योजना त्याच टप्प्यापर्यंत येऊन थांबते जिथपर्यंत राज्याचा अधिकार पोचतो. रेप्कोचे सभासदत्व या तरुणांना खुले करणे, भाडेपट्ट्याची पाच वर्षांची मर्यादा इथे जन्मलेल्यांसाठी वाढवणे, यांसाठी नवी संस्था किंवा नवा खर्च लागत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपट्टिनमहून जाफन्याजवळच्या कांकेसंतुरईला प्रवासी जहाज सुरू झाले आणि मधल्या खंडानंतर ऑगस्ट २०२४ पासून ते पुन्हा सुटते. चार-एक तासांचा प्रवास आहे. कापड, साबण, भांडी, यंत्रांचे सुटे भाग यांच्या पिशव्या घेऊन छोटे व्यापारी त्यातून ये-जा करू शकतात, जसे बर्मा बाजाराच्या पहिल्या पिढीने बंदरावरच्या मालातून दुकान उभे केले. दोन्ही किनाऱ्यांची बोली जाणणारा, जाफन्यात चुलते आणि चेन्नईत शाळासोबती असणारा तरुण या व्यापाराला सर्वांत लायक आहे. तो शिबिरांत आहे. जहाजावर चढताना मात्र पारपत्र दाखवावे लागते.